मोजताना नसलेली पोरं

संपादक म्हणाले, “दत्तूमामा, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना जरा हसू द्या.” गमती ढीगभर आहेत. एकदोन सांगून मोकळा होतो. पण त्यानंतर जे सांगणार आहे ते सांगताना माझं डोकं फिरतं आणि जीभ घसरते, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरी तर फर्मानच आहे की जेवायला बसल्यावर तांड्याचा विषय काढायचा नाही. ताटातलं निवून जातं आणि मी बोलतच राहतो, अशी बायकोची तक्रार आहे आणि ती बराबर आहे.

मी माइकवाला. हिंगोलीत माझं मंडप आणि साउंडचं दुकान, आता ते भाचा बघतो. लग्न, सप्ताह, उरूस, हळदीच्या व्यापाऱ्यांचे सत्कार, सगळं केलं. पण पोट भरलं ते सभांवर. बाहेरच्या माणसाला वाटतं, माइक उभा केला, वायर जोडली, झालं. झालं कसलं! वारा कुठून येतो ते बघून भोंग्याचं तोंड फिरवावं लागतं. माइक आणि भोंगा समोरासमोर आले की माइक शिट्टी मारतो. नेत्याचं ऐन रंगातलं वाक्य त्या शिट्टीत मरतं आणि शिव्या मात्र मला पडतात. लाईट जाणार हे धरून बॅटरी जोडून ठेवायची. सगळ्यांच्या आधी जायचं, सगळ्यांच्या मागून निघायचं. त्यामुळं नेत्याची गाडी धुरळा उडवत गेल्यावर लोक आपसात काय बोलतात, तेही माझ्या कानावर येतं. ते कुठल्या पेपरात छापता येणार नाही.

एक उमेदवार होता. त्याच्या सभेला लोक टाळ्या वाजवत नसत. त्यानं मला सांगितलं, “मामा, टाळ्या टेप करून ठेवा. मी रुमालानं तोंड पुसलं की वाजवा.” मी म्हटलं, ठीक आहे, पैसे देणारा तू. दिवस उन्हाळ्याचे. सभा भर दुपारी. गडी सारखा घाम पुसतोय आणि मी सारख्या टाळ्या वाजवतोय. “माझे वडील गेले तेव्हा...” म्हणून त्यानं डोळ्याला रुमाल लावला आणि भोंग्यातून टाळ्यांचा कडकडाट! लोक हसून हसून बेजार. पडला तो. पण मला पैसे रोख देऊन गेला आणि वर म्हणाला, “मामा, पहिल्यांदाच लोक मनापासून हसले माझ्या सभेत.” असा दिलदार गडी परत भेटला नाही.

दुसरा एक होता, त्याचं भाषण मला तोंडपाठ होतं. दर पाच वर्षांनी तेच. आवाजाच्या मशीनमागं बसून मी त्याच्या ओठाबरोबर ओठ हलवायचो, आमचा पोऱ्या तोंड दाबून हसायचा. झाल्या गमती. आता ऐका.

पुसेगावच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर त्या गावातली चार घरं माझ्यावर धावून येतील. त्या गावापासून लांब, माळावर एक बंजारा तांडा आहे. ह्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता सगळे शेती करतात. हळद, सोयाबीन, थोडा ऊस. होळीला तिथं लेंगी गातात, बाया फेर धरतात आणि तीन दिवस कुणी झोपत नाही. त्या होळीला दरसाल माइक माझा. तांड्याचा नाईक म्हणजे तिथला पुढारी, तो मला घरात बसवून जेवू घालायचा. माइकवाल्याला घरात बसवून जेवू घालणारी माणसं फार नसतात, बहुतेक ठिकाणी मंडपामागं पत्रावळ मिळते. म्हणून तांडा माझ्या जिवाचा.

ह्या तांड्याचं दुखणं एकच. ग्रामपंचायत गावाची, तांडा त्या पंचायतीची शेपटी. निधी येतो तो गावात जिरतो. गावात रस्त्यावर रस्ता झाला, तांड्याकडं येणारी वाट मात्र तशीच. दाखला पाहिजे, चला गावात. सरपंच भेटला तर भेटला. म्हणून त्यांची जुनी मागणी, आमची ग्रामपंचायत वेगळी करा.

तांड्यातली तरणी पोरं हळूहळू आखातात गेली. कुणी वेल्डर, कुणी पाइप फिटर, कुणी उंच इमारतीला लोखंडी परांच्या बांधणारा. बहुतेक मस्कतला. एक गेला, त्यानं भावाला नेलं, भावानं मेहुण्याला. त्यातला एक विलास राठोड. आयटीआय झालेला, शांत, बोलताना शब्द तोलणारा. त्याची आई जमनाबाई. विलास तिला याडी म्हणतो, त्यांच्या बोलीत आईला याडी. जमनाबाई म्हणजे तिखट काम. माझ्या भोंग्याचा आवाज तिला नेहमी कमीच वाटायचा. “ओ माइकवाले, पैसे घेतले तं वाजवा की जरा!” असं भर होळीत ओरडायची.

आता साहेब. साहेबांचं नाव घेत नाही. तसे साहेब सगळीकडं असतात, ज्यानं त्यानं आपापला समजून घ्यावा. एका निवडणुकीत साहेबांची सभा त्या गावाच्या मैदानात होती, तांडाही आलेला. माइक माझा. साहेब बोलले, “प्रत्येक तांड्याला त्याची स्वतःची ग्रामपंचायत देणार! कायद्यात बदल करावा लागला तर करू! आणि परदेशात घाम गाळणारी आपली पोरं, त्यांनी काय फक्त पैसे पाठवायचे? नाही! ती तिथूनच ग्रामसभेत बोलतील! तिथूनच मत देतील! हा माझा शब्द आहे!”

सभेतल्या एका पोरानं फोन वर धरला होता. त्या फोनवर मस्कतच्या एका खोलीत, पलंगावर पलंग रचलेले असतात त्या खोलीत, विलास आणि त्याचे सोबती ही सभा बघत होते. त्यांनी तिकडं टाळ्या वाजवल्या. विलासनं मला नंतर सांगितलं, “मामा, खरं सांगतो, आमाला वाटलं, कुनीतरी आमाला मोजलं.” साहेब निवडून आले. मग काय झालं? काय होणार! साहेबांच्या दाराचा रंग बदलला, गाडी बदलली. तांड्याला काही नाही.

पुढच्या पावसाळ्यात विलासचा बाप गेला. विलासला लगेच सुट्टी मिळाली नाही. त्यानं बापाची तिरडी फोनवर पाहिली. तांड्याला स्वतःची स्मशानभूमी नाही, जायचं ते ओढा ओलांडून. वाट म्हणजे निव्वळ चिखल. खांदेकरी गुडघ्यापर्यंत रुतले आणि तिरडी खाली टेकवावी लागली, चिखलात. फोन धरणाऱ्या पोराला कळेना की फोन बंद करावा की चालू ठेवावा. तिकडून विलास म्हणाला, “बंद करू नको. मला बघू दे.” हे मला जमनाबाईनं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. तिनं त्या वाटेला, पंचायतीला आणि साहेबाला एका दमात अशा शिव्या दिल्या की मी खाली मान घालून ऐकत बसलो.

तिथून पुढं ती पोरं विचारायला लागली. शुक्रवारी त्यांची सुट्टी. दर शुक्रवारी एकजण सरपंचाला फोन लावी, एकजण साहेबांच्या पीएला, म्हणजे साहेबांच्या मागं फायली आणि फोन सांभाळत फिरणाऱ्या माणसाला. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. एकच प्रश्न, “साहेबांनी शब्द दिला होता, त्याचं काय झालं?” सरपंचानं फोन घेणं बंद केलं. पीए म्हणायचा, “प्रक्रिया चालू आहे.” ह्या तीन शब्दांना आग लागो! आयुष्यभर हे तीन शब्द मी माझ्याच भोंग्यातून ऐकले.

मग विलासनं मला फोन केला. “मामा, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आमचा फोन तुमच्या भोंग्याला जोडता येईल का?” म्हटलं, “येईल की. पिनेची वायर लागते फक्त.” “साहेब तं म्हनलेच होते, तिथूनच बोला.” “म्हणलेच होते,” मी म्हटलं. मला तर आतून गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. तांड्याच्या बाया यंदा झाडून सगळ्या आलेल्या. जमनाबाई सगळ्यांत पुढं, चटईवर न बसता उभीच. तांड्याचा विषय निघाल्याबरोबर मी फोन मशीनला जोडला आणि भोंग्यातून विलासचा आवाज आला, असा खणखणीत की शेजारच्या झाडावरची पाखरं उडाली.

“सरपंच, रामराम. मी विलास राठोड, मस्कतहून बोलून राहिलो. माझा बाप गेला तव्हा त्याची तिरडी चिखलात टेकली. रस्ता कव्हाच मंजूर झाला, असं तुमी म्हनले होते. तो रस्ता कुठं गेला?”

सरपंच दचकला. टेबलावर फोनशेजारी माइक पडलेला होता. त्याला वाटलं, आवाज माइकमधून येतोय. त्यानं झडप घालून माइक उचलला आणि काखेत दाबला. आवाज येतच राहिला. त्यानं माइक पाठीमागं लपवला, मग हातानं गच्च दाबला, मग खुर्चीखाली ठेवून वर उपरणं टाकलं. विलास आपला बोलतोच आहे, “तांड्याची पंचायत वेगळी करायचा ठराव आज घ्या, एवढीच इनंती हाय.” लोक हसायला लागले. सरपंचाचं तोंड लाल. मला म्हणाला, “अरं, माइक तं माझ्याजवळ हाय, मग ह्यो बोलून काहून राहिला?”

मी म्हटलं, “सरपंच, आवाज माइकातून येत नाही. वायरीतून येतोय.”

“मग वायर काढ!”

“साहेबांनी माझ्याच माइकवरून शब्द दिला होता, परदेशातली पोरं ग्रामसभेत बोलतील. साहेबांना विचारा. ते काढ म्हणले की काढतो.”

सरपंचानं पीएला फोन लावला. पीएनं उचलला नाही. जन्मात पहिल्यांदा त्या पीएबद्दल मला प्रेम वाटलं. ग्रामसेवक भला माणूस, पण नियमाचा. तो म्हणाला, “फोनवरच्या माणसाचा हात वर झालेला दिसत नाही, तो धरता येणार नाही.” जमनाबाई म्हणाली, “त्यायचे हात नका धरू. आमचे तं दिसून राहिले ना?” आणि तांड्याच्या सगळ्या बायांनी हात वर केले. बांगड्यांचा असा आवाज झाला की काय सांगू. गावातल्या चार म्हाताऱ्यांनीही हात वर केले. ते त्या तिरडीला खांदा द्यायला गेले होते. ठराव झाला. त्या दिवशी तांड्यावर मला गूळ घालून केलेल्या लापशीचं जेवण झालं आणि मस्कतची पोरं फोनवर लेंगी गायली. लई बरं वाटलं. मी खुळ्यासारखा समजलो की आता काम झालं.

ठराव वर गेला. वरून पडताळणी आली. स्वतंत्र पंचायतीला ठरावीक लोकसंख्या लागते, तेवढी माणसं तांड्यात राहतात का, ते बघायला एक माणूस आला. घरोघर फिरला. मी तिथं नव्हतो, पण काय झालं ते मला अक्षर न् अक्षर माहीत आहे, कारण जमनाबाईनं ते मला इतक्या वेळा सांगितलंय. तो दारात यायचा आणि विचारायचा, “सध्या घरात कोण कोण राहतं?”

आता तांड्यातल्या आईला तिच्या पोराबद्दल विचारलं तर ती काय सांगेल? सगळ्यांनी छाती फुगवून सांगितलं. “माझा पोरगा मस्कतला असतो!” “आमच्या घरचे दोघंबी फॉरेनला!” फोटो काढून दाखवले. पोरगा समुद्रासमोर उभा, पोरगा उंच इमारतीच्या टोकावर उभा. चहा दिला, वरून पोरानं पाठवलेले खजूर दिले. जमनाबाईनं तर त्याला विलासनं पाठवलेला पंखा लावून वारा घातला. तो गडी खजूर खात गेला आणि प्रत्येक अभिमानाच्या वाक्याला एक माणूस कमी करत गेला. पोरांच्या बरोबर ज्या बायका गेल्या होत्या त्याही यादीतून गेल्या. संध्याकाळपर्यंत तांडा छोटा झाला, आणि तांड्याला वाटत होतं, आलेल्या माणसाला आपला तांडा लई आवडला.

उत्तर आलं, लोकसंख्या कमी भरते. मागणी नामंजूर.

जमनाबाईला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, “मामा, मीच माझ्या लेकराला घरातून काढलं का हो?” मी म्हटलं, “काही नाही बाई, तुम्ही खरं बोललात.” पण मला तेव्हा कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता आणि धरायला समोर कुणी नव्हतं. हाच तर सगळा घोटाळा आहे. सरकारचा गळा कुठं असतो, ते माझ्यासारख्याला शेवटपर्यंत सापडत नाही.

पोरांनी परत विचारायला सुरुवात केली. आता प्रश्न दोन झाले. शब्दाचं काय झालं, आणि आम्ही कुठं गेलो. पीएचं उत्तर तेच, प्रक्रिया चालू आहे.

मग परत निवडणूक आली आणि पीएचा मला फोन! “मामा, शुक्रवारच्या सभेत मस्कतच्या पोराला फोनवर घ्या. साहेब त्याच्याशी स्टेजवरून बोलणार. लोकांना आवडतं असलं.” मी म्हटलं, “विलासला?” “हो, तोच जरा बरं बोलतो. त्याला सांगितलंय, साहेबांचे आभार मान, दोन मिनिटं.” मी म्हटलं, “बरं.” मी विलासला ओळखत होतो, पीए ओळखत नव्हता.

सभा मोठी होती. साहेब रंगात आले, “आपल्या परदेशातल्या बंधूंनो, मतदानाला या! मुंबईच्या विमानतळावर गाड्या पाठवतो! आपला विलास आत्ता मस्कतहून आपल्यासोबत आहे. बोल विलास!” मी जोडणी केली.

“साहेब, रामराम. तुमी म्हनले होते, तिकडूनच मत देता येईल. अजून तं येत न्हाई, रजा टाकून यावं लागतं. तुमी म्हनले होते, तांड्याला पंचायत देतो. ती बी दिली न्हाई. तुमच्या सरकारचा मानूस आला आन् आमी बाहेर हाव म्हनून आमाला मोजलं न्हाई. आता तुमी म्हनून राहिले, मताला या. येतो साहेब. पन एवढं सांगा, आमचं मत चालतं, मग मानूस काहून चालत न्हाई?”

पीए माझ्याकडं बघून गळ्यावरून हात फिरवत होता, म्हणजे बंद कर. मी दुसरीकडं बघत होतो.

आणि साहेब! मानलं त्या माणसाला. एक क्षण गडबडले, दुसऱ्या क्षणी हसले. “शाब्बास विलास! असा प्रश्न विचारणारा तरुण मला पाहिजे! आत्ता, ह्या स्टेजवरून सांगतो, तांड्याची फेरपडताळणी होणार! ह्याच महिन्यात!” आणि टाळ्या. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. कुणी विचारलं नाही की पहिल्यांदा चुकवलं कुणी. ज्याचं उत्तर द्यायचं त्याच गोष्टीवर माणूस टाळ्या घेऊन गेला. मी मशीनमागं बसून शिव्या घालत होतो. कुठल्या मातीचे बनवतात हो हे लोक?

पण खरोखर त्याच महिन्यात माणूस येणार असा निरोप आला. निवडणूक होती ना, म्हणून. आदल्या दिवशी तांडा नाईकाच्या दारात जमला. मलाही बोलावलं. माझ्याकडं खांद्याला अडकवायची एक बॅटरीवाली पेटी आहे, लहान आवाजाची, तिला विलासचा फोन जोडला.

नाईक म्हणाला, “ह्या वेळेस कुनीच मस्कतचं नाव काढायचं न्हाई. पोरगा कुठं? शेतात गेला. सून कुठं? भाजी आनायला गेली. बास.” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पेटीतून विलास म्हणाला, “न्हाई. खोटं बोलायचं न्हाई.”

जमनाबाई उसळली. “तू तिथं बसून सांगून राहिला! चिखल आमी तुडवतो का तू? एक दिवस खोटं बोलल्यानं काय आभाळ पडून राहिलं?”

“याडी, मी लपून काहून मोजून घेऊ? मी काय चोरी केली का? चिखल तुमी तुडवता, तुमी सांगाल तसं. पन मला शेतात गेला म्हनू नको. मी हाव तिथंच हाव. तसंच मोजा म्हना.”

लई वेळ वाद झाला. मधे कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं, ही त्यांची रीत, पण चेहरे तापलेले. शेवटी नाईक जमनाबाईकडं बघून म्हणाला, “तुझा मानूस चिखलात टेकला होता. तू सांग.” जमनाबाई पदर खोचून उभी राहिली. “मंग पोरांनीच सांगू द्या त्याला, हाव का न्हाई ते. मामा, तुमी ही पेटी घेऊन उद्या त्याच्याबरोबर फिरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी खांद्याला अडकवून निघालो. पडताळणीला ह्या वेळी एक तरुण गडी आला होता, सभ्य, चष्मेवाला, हिंगोलीहून मोटरसायकलवर. तांड्यात जिकडंतिकडं शिजवलेली हळद वाळत पडलेली. पहिल्या घरी त्यानं विचारलं, कोण कोण राहतं? म्हातारीनं नावं सांगितली, त्यात नातवाचं. “तो कुठंय?” मी फोन लावला, पेटीतून आवाज आला, “हजर साहेब!” शाळेत म्हणतात तसं. तो गडी हसला. दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी, पोरं आपापल्या कामावरून बोलत होती. मागं कुठं घण वाजतोय, कुठं क्रेनचा भोंगा, आणि “हजर साहेब.” तिसऱ्या घरानंतर तो हसायचा थांबला. कपाळाला हात लावून म्हणाला, “मामा, तुम्ही मला अडचणीत आणताय.” मी म्हटलं, “मी कुठं? मी फक्त आवाज आणतोय.”

जमनाबाईनं ह्या वेळी चहा दिला नाही. पंखाही लावला नाही. उंबऱ्यात उभी राहिली.

“घरात कोण राहतं, मावशी?”

“मी आन् माझा पोरगा विलास.”

“विलास सध्या कुठं आहे?”

“कामाला गेला. मस्कतला. जसे तुमी आज हितं कामाला आलात. तुमी हितं हायेत म्हनून हिंगोलीत तुमाला घरातून काढतात का?”

तो गडबडला. “मावशी, मी संध्याकाळी घरी जातो.”

“माझा बी येतो की. दोन सालानं येतो. त्याची संध्याकाळ लांबची हाय, एवढंच.”

मला वाटलं, जिंकली. खरंच वाटलं. त्या पोरानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याचं मन विरघळलं होतं, मी पाहिलं. “मावशी, मला पटतंय,” तो म्हणाला, “पण माझ्या हातात नाही.” आणि कागद मांडीवर धरून त्यानं लिहिलं.

पेटीतून विलासनं विचारलं, “मामा, काय लिहिलं त्यानं?”

जमनाबाईला वाचता येत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी वाकून वाचलं. दोन शब्द. इतकी वर्षं लोकांचा आवाज मोठा केला, पण ते दोन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात.

“सांगा ना, मामा,” विलास परत म्हणाला.

“राहत नाही, असं लिहिलंय.”

मग विलास बोलला, आवाज न चढवता. “इथं राहायच्या माझ्या कार्डावर लिहून हाय, हा मानूस इथला न्हाई, काम संपलं की परत जाईल. तिथं लिहिलं, राहत न्हाई. मग मी राहतो कुठं, मामा? तेवढं तरी विचारा त्यानला.”

तो गडी कागद पिशवीत घालत होता, मान खाली. मी पेटीच्या आवाजाचं बटण फिरेल तेवढं फिरवलं, पेटी खांद्यावरून काढून त्याच्या तोंडासमोर धरली आणि म्हटलं, “विलास, तूच विचार.”